मर्जिनाचे काय झाले?

अलीबाबाची गोष्ट अलीबाबाची नाही, हे ती एकदा नीट वाचली की लक्षात येते. त्या गरीब लाकूडतोड्याने काय केले? झाडावर बसून चोरांचा परवलीचा शब्द ऐकला, गुहेतून मोहरा आणल्या आणि भाऊ कासिम मारला गेल्यावर हात जोडून घरात बसला. पुढचे सगळे मर्जिनाने केले. कासिमचे प्रेत शिवून घेण्यासाठी बाबा मुस्तफा मोच्याला डोळे बांधून आणले ते तिने. चोराने दारावर खडूची खूण केली तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या दारांवर तशीच खूण करून ठेवली ती तिने. तेलाच्या बुधल्यांत दबा धरून बसलेल्या सदतीस चोरांवर उकळते तेल ओतले तिने, आणि पाहुणा बनून जेवायला आलेल्या सरदाराला ओळखून, नाचता नाचता, त्याच्या छातीत खंजीर खुपसला तोही तिनेच. घरची बांदी होती ती. पण साऱ्या गोष्टीत अक्कल आणि हिंमत असलेले माणूस एकच, आणि ते म्हणजे ही बांदी.

या मर्जिनाचे आणि तिच्या परीस्तानातल्या बहिणींचे पडद्यावर काय झाले, याचा शोध आम्ही बरेच दिवस घेत आहोत. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे या चित्रपटांना ‘जादूचे खेळ’ म्हणून एका ओळीत उरकतात. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे तर तेवढीही दखल घेत नाहीत. आम्हाला मात्र वाटते की मराठी मुलखातल्या मुस्लिम स्त्रीची पडद्यावरची पहिली प्रतिमा याच चित्रपटांत शोधावी लागेल.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या गोष्टी दोन दारांनी आल्या. आमच्याकडे त्या उर्दूतून आल्या. दुपारच्या वेळी बिड्या वळणाऱ्या बायकांच्या बैठकीत, पाने कातरता कातरता कुणीतरी हातिमताई सांगायचे, कुणी गुलबकावली. शेजारच्या मराठी घरांत त्याच गोष्टी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ म्हणून पोचल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हे काम हाती घेतले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही त्याला हातभार लागला. मूळ प्रवास याहून लांबचा. फ्रेंच विद्वान आंत्वान गालाँ याने 1704 पासून अलिफ लैलाचे खंड छापायला सुरुवात केली. पण अलीबाबा आणि अल्लाउद्दीन या कथा त्याच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. 1709 मध्ये पॅरिसमध्ये भेटलेल्या हन्ना दियाब नावाच्या हलबच्या एका ख्रिस्ती तरुणाने त्या त्याला तोंडी सांगितल्या. म्हणजे ज्या कथांना सारे जग ‘इस्लामी’ म्हणून ओळखते त्या एका अरब ख्रिश्चनाने सांगितल्या, एका फ्रेंचाने लिहिल्या, आणि पुढे चित्पावन पंडितांच्या मराठीतून व आमच्या उर्दूतून एकाच गल्लीत येऊन पोचल्या. कथेला मजहब विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता करमणुकीकडे वळू. आमच्या झाडीपट्टीत धान निघाले की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर दंडार, खडी गंमत चालते. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या लोककलांविषयी विस्ताराने लिहिले आहे. या खेळांत राणी असो की गवळण, लुगडे नेसून उभा राहायचा तो पुरुषच. सबंध भारतीय रंगभूमीचीच ती रीत होती. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, पण वाट लगेच मोकळी झाली नाही. अभिनय हा ‘चांगल्या घरच्या’ बाईचा धंदा नव्हे, यावर त्या काळी हिंदू आणि मुसलमान यांचे अगदी एकमत होते. एकमताचे एवढे उदाहरण दुसरे सापडणे कठीण!

अशा काळात मुंबईत एक बाई नुसती पडद्यावर आली नाही, तर कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. तिचे नाव फातमा बेगम. जन्म 1892 चा, तालीम उर्दू रंगभूमीची. 1922 मध्ये अर्देशीर इराणींच्या ‘वीर अभिमन्यू’मधून ती चित्रपटात आली. सुलताना, जुबेदा आणि शहजादी या तिच्या तिन्ही मुलीही पडद्यावर आल्या. 1926 मध्ये तिने स्वतःची ‘फातमा फिल्म्स’ ही कंपनी काढली आणि ‘बुलबुल-ए-परीस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून तिचे नाव घेतले जाते ते या चित्रपटामुळे. पुढे ‘हीर रांझा’, ‘शकुंतला’, ‘कनकतारा’ असे आणखी चित्रपट तिने केले. पण सुरुवातीला तिने निवडली ती परीकथा, आणि ही निवड आम्हाला फार बोलकी वाटते. पौराणिक चित्रपटात सीता कशी असावी हे आधीच ठरलेले होते. सामाजिक चित्रपटात सून कशी असावी हेही ठरलेले होते. परीने कसे असावे हे कुणी ठरवलेले नव्हते. तिला बाप नाही, सासर नाही, पडदा नाही. ती उडते, रागावते, पसंत पडेल त्याला उचलून नेते. एका मुस्लिम स्त्रीला मोकळेपणाने काम करायला त्या वेळी पडद्यावर एवढीच जागा होती.

त्याच 1926 साली बर्लिनमध्ये लोटे रायनिगर नावाची सत्ताविशीच्या आतली एक जर्मन तरुणी असेच काम पुरे करत होती. काळा कागद कात्रीने कापून, त्या आकृत्या कणाकणाने हलवून तिने ‘प्रिन्स अखमेदची साहसे’ हा चित्रपट केला. आज उपलब्ध असलेला हा जगातला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा सचेतपट. त्याची गोष्ट अलिफ लैलाचीच आणि नायिका परी बानू. आणि त्यातल्या दुष्ट जादूगाराला शेवटी हरवते कोण? शहजादा नव्हे, एक म्हातारी चेटकीण. बर्लिनची रायनिगर आणि मुंबईची फातमा यांना एकमेकींची खबर असण्याचे काही कारण नाही. पण एकाच वर्षी दोन शहरांत दोन स्त्रिया परीस्तान उभे करत होत्या. पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. रायनिगरच्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह महायुद्धात नष्ट झाली, पण लंडनच्या संग्रहात एक प्रत राहिली होती, तिच्यावरून तो पुन्हा उभा केला गेला. फातमा बेगमच्या चित्रपटाची एक फूट फिल्मही उरलेली नाही. आपल्याकडे जुनी रिळे त्यातली चांदी काढण्यासाठी भंगारात जात, उरलेली आगीत जात. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तेच 1964 मध्ये.

फातमाची मुलगी जुबेदा हिने त्याआधी 1924 मध्ये कोहिनूर कंपनीच्या ‘गुल-ए-बकावली’त काम केले होते. ही दास्तान आमच्या भागाला परकी नाही. गोंदिया-बालाघाटवरून वर गेले की अमरकंटक लागते. तिथे गुलबकावलीचे फूल दाखवतात आणि त्याचा अर्क डोळ्यांसाठी विकतात. गोष्टीतही आंधळ्या बादशहाची नजर याच फुलाने परत येते. शहजादा ताजुलमुलूक परीच्या बागेतून हे फूल चोरतो. आता चोरी झाल्यावर बकावली काय करते? रडत बसत नाही. पुरुषाचा वेष करते, बादशहाच्या दरबारात वजिराची नोकरी मिळवते आणि चोर शोधून काढते. दयाशंकर नसीम यांनी ‘गुलजार-ए-नसीम’मध्ये ही कथा उर्दू काव्यात बांधली. कवी काश्मिरी पंडित, कथेत एकीकडे परीस्तान आणि दुसरीकडे राजा इंद्राचा दरबार. आजकाल ‘संमिश्र संस्कृती’ या विषयावर परिसंवाद भरतात. त्यात कुणी बकावलीचे नाव घेतल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. पहिला भारतीय बोलपट हाही परीकथेच्याच जातीचा होता, हे आपण विसरतो. नायिका जुबेदाच. गोष्ट कुमारपूरच्या राजाची, त्याच्या दोन राण्यांची. नौबहारला वारस होणार असे फकीर सांगतो. दिलबहार मत्सराने पेटते, सेनापती आदिलवर डाव टाकते आणि तो नकार देतो म्हणून त्याला कैदेत घालते. त्याची मुलगी आलम आरा बंजाऱ्यांत वाढते आणि मोठी होऊन राजवाड्यात परत येते.

इथे एक बाब प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. परीकथेत स्त्री कर्ती असली तरी बहुधा दोनच साच्यांत असते: एक निष्पाप, दुसरी कपटी. दिलबहारसारख्या राण्या नंतर शेकड्यांनी आल्या. इच्छा व्यक्त करणारी बाई वाईटच असणार, हा धडा या चित्रपटांनी तंबूतल्या बायकांच्या बाजूपर्यंत पोचवला. तेव्हा सारे जुने ते सोने, असे म्हणण्याचा आमचा विचार नाही. एवढेच की चांगली असो की वाईट, बाई काहीतरी करत होती. तिच्या करण्याने गोष्ट पुढे सरकत होती.

वाडिया बंधूंनी हे सूत्र बरोबर ओळखले. त्यांच्या वाडिया मूव्हिटोनचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ 1933 चा. ‘आलम आरा’चे नाटककार जोसेफ डेव्हिड यांनीच तो लिहिला. शहजाद्याच्या भूमिकेत होते फिरोज दस्तूर, जे पुढे किराणा घराण्याचे गायक म्हणून नावाजले. 1935 च्या ‘नूर-ए-यमन’मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या एका धिप्पाड मुलीला शहजादी परीजाद केले गेले. त्याच वर्षी तीच मुलगी चाबूक घेऊन ‘हंटरवाली’ झाली आणि नादिया हे नाव खेड्यापाड्यांत गेले. शहजादीचा झगा उतरवून तिने मर्दानी पोशाख चढवला, एवढाच फरक. इकडे पुण्यात प्रभातने 1936 मध्ये ‘अमर ज्योती’ काढला. शांतारामबापूंच्या या चित्रपटात दुर्गा खोटे यांची सौदामिनी, पोटच्या मुलावरचा हक्क नाकारला गेला म्हणून, समुद्रावरची लुटारू होते. कुठले राज्य, कुठला काळ, काही सांगितलेले नाही. दास्तानीसारखेच. पण आईचा मुलावरचा कायदेशीर हक्क हा प्रश्न त्या काळच्या किती सामाजिक चित्रपटांनी एवढ्या थेटपणे विचारला होता?

मग बदल केव्हा झाला? आमच्या मते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात. होमी वाडिया यांनी बसंत पिक्चर्सतर्फे 1952 मध्ये ‘अल्लाउद्दीन और जादुई चिराग’, 1954 मध्ये ‘अलीबाबा और चालीस चोर’ आणि 1956 मध्ये ‘हातिमताई’ काढले. पहिल्या दोहोंत नायक महिपाल, जोधपूरकडचे. पहिल्यात शहजादी मीनाकुमारी, पुढच्या दोहोंत शकीला. मीनाकुमारी म्हणजे मुंबईत जन्मलेली महजबीन. तिने त्याच सुमारास वाडियांच्याच ‘श्री गणेश महिमा’ आणि ‘हनुमान पाताल विजय’सारख्या पौराणिक चित्रपटांतही कामे केली. हिंदू अल्लाउद्दीन आणि मुसलमान देवी, आणि तिकीट काढणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नव्हते.

मात्र या चित्रपटांत बाईचे काम बदलले. कॅमेरा तिच्याकडे पाहू लागला, ती काय करते याकडे पाहीनासा झाला. अल्लाउद्दीनच्या मूळ कथेत मगरिबी जादूगाराच्या प्याल्यात विषारी भुकटी घालून त्याला संपवते ती शहजादी बद्रुल-बुदूर. अल्लाउद्दीन पुडी आणून देतो, पण समोर बसून, गोड बोलून, हात न थरथरता प्याला पुढे करायचे काम तिचे. पडद्यावरची शहजादी झरोक्यात उभी राहून गाणे म्हणते आणि सुटकेची वाट पाहते. मर्जिनाचेही तेच झाले. कथेत तिचे लग्न शेवटी अलीबाबाच्या मुलाशी होते, तेही कामगिरीचे बक्षीस म्हणून. अलीबाबाशी तिचे इश्क वगैरे काही नाही. बंगाली रंगभूमीने आधीच तिची अब्दालाशी जोडी लावली होती आणि मधू बोस यांच्या 1937 च्या चित्रपटात साधना बोस मर्जिना झाल्या त्या मुख्यतः नर्तकी म्हणून. हिंदीत ती थेट अलीबाबाची महबूबा झाली. हुशारी अलीबाबाकडे गेली, तलवार अलीबाबाकडे गेली. तिच्याकडे राहिला तो फक्त नाच, खंजिराशिवाय.

याच सुमारास हे चित्रपट दुय्यम दर्जाचे ठरले. शहरी समीक्षकांनी त्यांना पिटातल्या पब्लिकचे म्हणून बाजूला सारले, जाणत्या मुसलमानांनी लाजेने. त्यांना हवा होता तो ‘मुस्लिम सोशल’. नवाबी दिवाणखाना, शायरी, नजाकत, ‘चौदहवीं का चाँद’ (1960), ‘मेरे महबूब’ (1963). सुंदर चित्रपट आहेत, गाणी आजही कानांत आहेत. पण त्यांतली बेगम चिलमनीआड गेली ती गेलीच. चिलमनीबाहेर राहिली ती तवायफ: 1972 चा ‘पाकीजा’, 1981 चा ‘उमराव जान’. 1982 च्या ‘निकाह’ने तिसरी प्रतिमा दिली, तलाकपीडितेची. मीनाकुमारीकडेच पाहा. 1952 मध्ये ती शहजादी होती. वीस वर्षांनी ती साहिबजान झाली, आणि चित्रपट लागल्यावर दोन महिन्यांच्या आत, 31 मार्च 1972 ला, वारली. ‘पाकीजा’ची थोरवी आम्ही नाकारत नाही. पण परी, बांदी, बंजारन, लुटारू एवढ्या वाटा बंद होऊन परदा, कोठा आणि तलाक या तीनच खोल्या उरल्या, हे कुणाला खटकले कसे नाही? मुस्लिम स्त्री म्हणजे सोसणारी स्त्री, हे समीकरण आज बातम्यांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे दिसते. ते बनवण्यात या चित्रपटांचा वाटा आहे. बनवणाऱ्यांत आपलीच माणसे होती.

आणि विसरणाऱ्यांतही आपणच होतो. फातमा बेगम 1983 मध्ये, नव्वदी ओलांडून, मुंबईतच वारली. तोवर मराठी मुस्लिम साहित्याची चळवळ उभी राहत होती, स्त्रीप्रश्नावर हमीद दलवाईंच्या काळापासून वाद झडत होते. पण आमच्या वाचनात तरी तिच्यावर एखादा मराठी लेख आलेला नाही. कारण सरळ आहे. ती नाटक-सिनेमातली बाई. सुधारकांना ती आदर्श म्हणून चालत नव्हती आणि सनातन्यांना तर तिचे नावही नको होते. शिकलेली, डॉक्टर झालेली, शाळा काढणारी स्त्री आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. परंतु पदरमोड करून चित्रपट कंपनी चालवणाऱ्या आणि तीन मुलींना त्याच धंद्यात उभे करणाऱ्या बाईचे कर्तृत्व ‘शरीफ’ या एका शब्दाने झाकले गेले.

पुढचा भाग थोडक्यात. 1980 मध्ये भारत आणि सोव्हिएत उझबेकिस्तान यांनी मिळून ‘अलीबाबा और चालीस चोर’ काढला. मर्जिना हेमा मालिनी, जोडीला जीनत अमान, आणि अलीबाबा धर्मेंद्र. धर्मेंद्र असताना बुधल्यांत तेल ओतायला मर्जिनाची गरज कुणाला वाटणार! 1993 पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘अलिफ लैला’ आली. तिच्या चमत्कारांना आज मुले हसतील, पण तिने एक चांगली गोष्ट केली. जिवावरच्या प्रसंगात रोज रात्री गोष्ट सांगणारी शहरजाद तिने घराघरांत नेली. जुन्या हिंदी चित्रपटांनी सुट्या कथा उचलल्या आणि ही कथा सांगणारी बाई बहुतेक वेळा बाहेरच ठेवली होती.

अमेरिकेच्या डिस्ने कंपनीने 1992 मध्ये ‘अलादिन’ काढला तेव्हा शहजादीचे नाव बदलून जस्मिन केले. ती बापाला ठणकावते, भिंत ओलांडून बाजारात जाते, त्यामुळे तिचे कौतुक झाले. पण शेवटच्या पेचात तिने करायचे काय, तर जाफरचे लक्ष विचलित करण्यासाठी त्याचे चुंबन घ्यायचे. 2019 च्या नव्या चित्रपटात ती सुलतान होते. हिंदीत तो आपल्याकडेही लागला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, लेखांतून ‘नव्या युगाची राजकन्या’ असे छापून आले. आम्हालाही चित्रपट आवडला. फक्त हन्ना दियाबच्या बद्रुल-बुदूरने तीनशे वर्षांपूर्वी विषाचा प्याला पुढे केला होता, हे त्या कौतुकात कुणी लिहिले नाही. हॉलिवूडने तिला काही दिले असेल तर जुन्या कथेचे थोडे देणे फेडले, तेही व्याज न देता.

शेवटी एक काम वाचकांकडे. मूकपटांच्या काळी चित्रपटाबरोबर गोष्टीचा सारांश छापलेली हँडबिले वाटली जात, आणि बोलपट आल्यावर गाण्यांच्या चोपड्या तंबूच्या दारात विकत. चित्रपट नष्ट झाले असले तरी असे कागद कुठेकुठे उरतात, कारण बायका त्यात शिलाईचे नमुने आणि दुआ गुंडाळून ठेवत. भंडारा, तुमसर, पवनी, मोहाडी, साकोली आणि 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेला गोंदिया, या भागांतल्या जुन्या घरांत पत्र्याच्या पेट्या अजून आहेत. त्यात ‘बुलबुल-ए-परीस्तान’ किंवा ‘आलम आरा’ असे नाव असलेले, उर्दू, गुजराती किंवा मराठीत छापलेले एखादे पान निघाले तर ते रद्दीत देऊ नये. त्याची दोन्ही बाजूंची छायाप्रत काढावी, मागे हाताने काही लिहिलेले असेल तर तेही पुसू नये, आणि ते कुणाच्या पेटीतून निघाले, त्या घरात तो चित्रपट कुणी पाहिला होता, हे म्हातारी माणसे सांगायला आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे.